वीत

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत
कॉर्बिन कुचेराची वीत
नऊ इंच, वर एक अष्टमांश.
टेबलामागचा माणूस आकडा मोठ्याने ओरडतो.
बत्तीस संघांची आम्ही माणसं
माना खाली घालून लिहून घेतो.
मागे कुणीतरी चुकचुकतं.
साडेनऊ हवी होती.
डिसेंबरात, ओल्या चेंडूवर,
अर्धं पेर कमी पडतं म्हणतात.

तेवीस वर्षं मी हेच करतो,
दुसऱ्यांच्या मुलांचे हात मोजतो.
घोड्याच्या बाजारातली माणसं दातही बघतात,
आम्ही तेवढे सोडले.

बाहेर नेब्रास्काचा मार्च, पार्किंगमध्ये काळपट बर्फाचे ढीग.
आत पत्र्याच्या छताखाली, प्लास्टिकच्या गवतावर
तो चौसष्ट चेंडू फेकतो,
एकसष्ट झेलले जातात.
वारा नाही, पाऊस नाही,
अंगावर धावून येणारं कुणी नाही.
अशा जागी कुणाचाही खांदा देखणा दिसतो.
दाराशी त्याची आई,
मांस-कारखान्याच्या पांढऱ्या रबरी बुटांत,
रात्रपाळीवरून थेट आलेली.
तिला कुणी खुर्ची दिली नाही.
मीही नाही. मी सेकंद मोजत होतो.

एकदा एका पोराबद्दल मी लिहिलं होतं: बावनकशी.
त्याची वीत दहा इंच होती,
चेंडू त्याच्या मुठीत लिंबासारखा दिसायचा.
पहिल्याच फेरीत उचलला त्याला.
आता तो टल्साजवळ टायर विकतो.
गेल्या वर्षी मी त्याच्याकडून चार घेतले.
बिलावर सही केली.
तीच सही त्या अहवालाखाली होती,
पण अहवाल त्याला कुणी दाखवलाच नव्हता.
हवा तपासत जा, म्हणाला,
थंडीत उतरते.

रात्री मोटेलमध्ये कुचेराचे सामने लावले.
हीटर खोकत होता.
ऑक्टोबरातला एक, पाऊस, चार गुणांनी मागे,
थर्ड डाउन, आठ यार्ड हवेत.
चेंडू हातात येतो
आणि डावीकडचा रक्षक चिखलात पालथा पडतो.
पहिला झेलणारा घेरलेला.
दुसरा घेरलेला.
तिसरा पाय घसरून बसलेला.
दोन पूर्णांक सहा सेकंद.
इथे माझ्या यादीतली बाकीची सगळी पोरं
डोळे मिटून लांब भिरकावतात,
आणि कधीकधी ते झेललंही जातं,
आणि मग आम्ही त्याला हिंमत म्हणतो.

हा चार पावलं उजवीकडे सरकतो
आणि चेंडू फेकून देतो.
रेषेबाहेर, बाकांच्याही वरून,
पाण्याचे पिंप ठेवलेत तिकडे, जिथे कुणीच नाही.

शून्य यार्ड. आकडेवारीत: अपूर्ण.
स्टेडियम हुर्यो उडवतं.

मी अकरा वेळा मागे नेऊन पाहिलं.
अकराव्या वेळी दिसलं की फेकून झाल्यावर
तो आधी फळ्याकडे बघत नाही, प्रशिक्षकाकडेही नाही.
पडलेल्या रक्षकाला हात देतो.
तीनशे दहा पौंडांचं पोर,
पहिल्या ओढीत दोघंही घसरतात.

पिंकनीचा फोन आला, कार्यालयातून.
वीत किती?
सांगितली.
तो गप्प. मग, बरं, येतं काय त्याला?
चेंडू फेकून देता येतो, म्हणालो.
ते माझ्या धाकट्यालाही येतं, तो म्हणाला, आणि हसला,
आणि खरं तर मीही हसलो.

फॉर्मवर एकोणीस रकाने आहेत.
खांदा, पाऊल, उंची, गुडघ्याचा इतिहास,
आवाज पोचतो का, घरी कोण असतं.
शेवटी 'शेरा', त्यात दोन ओळी मावतात.
बराच वेळ पेन धरून बसलो.
मग लिहिलं:
जिथे काही नसतं, तिथे हा काही करत नाही.

वाचून पाहिलं.
शिवीसारखं वाटलं.
तसंच ठेवलं.